कपाट संपलं की दार

३ मार्च

शूटिंगचा पहिला दिवस, आणि तोही आमच्याच घरात! ज्यांचं घर ठरलं होतं त्यांनी ऐनवेळी हात वर केले. दिग्दर्शकाची नजर माझ्यावर पडली — "तुमचं घर तसंच आहे ना? जुनं, लांबट, जरा अंधारं?" ही स्तुतीच समजायची. ह्यांना विचारलं तर चटकन हो म्हणाले. माझा नवरा कशालाच चटकन हो म्हणत नाही. पण म्हणाले.

सासूबाईंना नणंदेकडे सोडायला मी काल दुपारीच गेले होते, रात्री तिथंच राहिले. आज सकाळी परतते तो कलाविभागाची माणसं आधीच हजर. चहा पीत बसलेली, माझ्याच कपांतून! "मॅडम, आम्ही जरा लवकर आलो." मी चप्पल काढायच्या आधी कॅमेरा बाहेर काढला. घराचा कोपरान् कोपरा टिपला. पुठ्ठ्यावर 'पहिला दिवस' लिहून तो पुठ्ठा प्रत्येक फोटोत धरला. उद्या ही मंडळी सगळं उलटंपालटं करतील, मग कुठली वस्तू कुठं होती म्हणून डोकं खाजवत कोण बसणार?

मी डोक्यात काही ठेवत नाही, फोटोत ठेवते. कंटिन्युइटीच्या कामात अर्धं आयुष्य गेलं. आधीच्या शॉटमध्ये पेला अर्धा होता तर पुढच्यातही अर्धाच हवा, बाहीची घडी होती तेवढीच हवी, खुर्ची होती तिथंच हवी. युनिटमध्ये मला 'काटा' म्हणतात. तराजूचा. तोंडावर मॅडम आणि पाठीमागे काटा. मला दोन्ही चालतं.

पाय सुजलेत. आणि हा पहिलाच दिवस!

६ मार्च

सिनेमाची गोष्ट अशी — एका बाईला वाटतं, घरातल्या वस्तू जागा बदलतायत. फार नाही. आज खुर्ची चार बोटं इकडे, उद्या घड्याळ वीतभर तिकडे. नवरा म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. डॉक्टर म्हणतो, झोप घ्या. शेवटी तिचं तिलाच खरं वाटेनासं होतं. भूत एकदाही दिसत नाही. दिग्दर्शक म्हणतो, भूत दाखवलं की लोक हसतात.

त्यामुळे घराचे तीन अवतार. 'सरळ घर', 'सरकलेलं घर' आणि शेवटचं 'उलटं घर'. दिग्दर्शकाचं रोजचं पालुपद — "बघणाऱ्याला कळता कामा नये. नुसतं बरं वाटेनासं व्हायला हवं. भीती मधोमध नसते मॅडम, कडेला असते!" वयाने माझ्या भाच्याएवढा. पण हे बोलला ते बरोबर बोलला.

म्हणजे जन्मभर जे सांभाळलं त्याच्या नेमकं उलट करायचं. चूक करायची, पण मोजून. गंमत वाटते. दमणूक मात्र तेवढीच होते.

आणखी एक गंमत. हे सगळं त्या कुटुंबाच्याच कॅमेऱ्यांत आपोआप टिपलं गेलं असं दाखवायचंय. 'एका घरात सापडलेलं खरं चित्रण' अशी जाहिरात करणार. म्हणून शेवटी नावांच्या पाट्याच नाहीत! खऱ्या चित्रणाला कुठली आली कंटिन्युइटी? माझी बहीण थिएटरात शेवटपर्यंत बसून माझं नाव शोधायची. आता ते कामही वाचलं तिचं.

९ मार्च

ताप. अंग ठणकतंय. हे म्हणाले, "तू ताईकडे जाऊन पड, इथं आराम होणार नाही." गेले.

११ मार्च

अजून नणंदेकडेच. 'सरळ घरा'चे सीन माझ्याशिवाय उरकले म्हणे. माझी मदतनीस फोनवर म्हणाली, "काही काळजी करू नका मॅडम, कलाविभागाकडे घराच्या पाहणीच्या वेळचे फोटो होते. बरोब्बर लावलं." बरं झालं. मला बघायचंसुद्धा त्राण नव्हतं.

सासूबाई उशाशी बसून होत्या. त्यांना मी आईच म्हणते. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. समोर बघितलं की धूर, पण कडेकडेने दिसतं. म्हणून बोलताना त्या माणसाच्या कानाकडे बघतात. नवख्याला वाटतं, म्हातारी आपल्याला टाळतेय. मला म्हणाल्या, "तुझ्या कानाला काही झालं नाही, बाकी अंगाचं तू बघ." तापातही हसले.

इथं नणंदेकडे त्या मजेत आहेत. पहिले दोन दिवस सगळीकडे हात लावत हिंडल्या, मग पाठ झालं.

१८ मार्च

संपलं एकदाचं! युनिट गेलं. मागे राहिले भिंतीला चिकटपट्ट्यांचे व्रण आणि मोरीत कुणाचा तरी कंगवा.

फोटो समोर ठेवून दिवसभर घर लावलं. 'पहिला दिवस' — एकेक फोटो, एकेक वस्तू. टेबल, तिवई, घड्याळ, आईंची खाट, आईंचं कपाट. कपाट सरकवायला ह्यांना हाक मारली. यायला जरा वेळ लावला. मी फोटो दाखवला — इथं. हे फोटोकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "इथं?" म्हणाले. म्हटलं, "हो, इथंच. बघा की." सरकवलं.

आईंच्या खोलीत भिंतीवर एक काळपट डाग होता. त्या उठल्या की भिंतीला हात टेकत टेकत निघतात, वर्षानुवर्षांचा तो तेलकट डाग. हे कायम त्यावरून कुरकुरायचे. आज बघते तो डाग नाही! उलट दाराशेजारची भिंत लख्ख. कलाविभागाने धुतली असणार. चला, एक काम फुकटात झालं.

संध्याकाळी हे खोलीच्या दारात उभे राहून बघत होते. "झालं सगळं?"

"झालं. बरोबर आहे ना?"

"तू लावलंयस, म्हणजे बरोबरच असणार."

इतक्या वर्षांत नवऱ्याने केलेलं हे एकमेव कौतुक. तारखेसकट लिहून ठेवते.

२१ मार्च

आई आल्या. उंबऱ्यातून आत आल्या, तीन पावलं टाकली आणि थांबल्या.

"हे कुणाचं घर?"

आधी थट्टाच वाटली. म्हटलं, "तुमचंच की आई, प्रवासाने शीण आला असेल." त्या खोलीत गेल्या, खाटेवर बसल्या, डावा हात भिंतीकडे नेला. हात कपाटावर आपटला. कपाटाची कड चाचपली. मग हळूच म्हणाल्या, "कुणीतरी माझ्या खोलीसारखी खोली केलीय."

अंगावर काटा आला माझ्या. सिनेमाचं अजून उतरलं नव्हतं डोक्यातून, म्हणून असेल.

२६ मार्च

दूध सांडलं. तिवईला अडखळल्या. काल टेबलाचा कोपरा लागला. दिवसातून दहादा एकच — "हे इथं नव्हतं."

ह्यांना म्हटलं, काय करायचं? म्हणाले, "वय झालं तिचं." बस, एवढंच. हे निवृत्त झाल्यापासून आईंचं सगळं ह्यांच्याच अंगावर आहे. मी सकाळी कामावर जाते ती दिवे लागल्यावर येते. त्यांचे गुडघे, त्यांचं औषध, त्यांची अंघोळ, एकच गोष्ट चारदा सांगणं, हे सगळं हेच करतात. मी काय तोंडाने बोलू?

२ एप्रिल

नवीन सिनेमाचं काम सुरू. रडका कौटुंबिक. वस्तू जिथल्या तिथं ठेवायच्या. बरं वाटलं.

दुपारी दिग्दर्शक किल्ली परत द्यायला घरी येऊन गेला. नेमकी मी होते. आई त्याच्या कानाकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही सिनेमावाले ना? माझं घर कुठं ठेवलंत?"

तो उडालाच! "आजी, म्हणजे काय?"

"हे माझं नाही. ह्यात वस्तू हललेल्या असतात. मला बोलून दाखवायचा कंटाळा आलाय आता. कुणाला पटत नाही."

त्याचे डोळे चमकले. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, हाच तर आपला सिनेमा! मी रेकॉर्ड करू का? जाहिरातीत शेवटी टाकू. खऱ्या घरातली खरी आजी!"

मी त्याला असं झापलं की जिना उतरताना त्याची चप्पल निसटली. माझ्या सासूच्या म्हातारपणाचा तमाशा? लाज वाटत नाही?

गेल्यावर हे म्हणाले, "बरं केलंस."

५ एप्रिल

मदतनीस मुलीला आईंचं सहज सांगितलं. ती हसत म्हणाली, "मॅडम, घराला सिनेमा चढला वाटतं!" मला हसू आलं नाही.

९ एप्रिल

आईंना घेऊन डॉक्टरकडे. तिघं गेलो. डॉक्टर बाई शांत होती, घाई करत नव्हती. आईंना आठवड्याचे वार विचारले, बरोबर सांगितले. वजाबाक्या विचारल्या, तिच्याआधी करून टाकल्या. शेवटी आईच म्हणाल्या, "तुम्ही मला वेडी ठरवायला बघताय, पण तुमची खुर्ची करकरते ती आधी बघा."

डॉक्टर हसली. मग आम्हाला विचारलं, "घरात काही बदल केलेत का? सामान हलवलं?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "काही नाही. सगळं जिथल्या तिथं."

मीही मान डोलावली. म्हटलं, "शूटिंग झालं होतं, पण मी स्वतः फोटो बघून लावलंय. माझं कामच ते."

डॉक्टरने काहीतरी टिपून घेतलं. म्हणाली, ओळखीचं घर अनोळखी वाटणं हेही एक लक्षण असतं. सुरुवात अशीच होते. आई ऐकत होत्या. तिच्या कानाकडे बघत.

रिक्षातून उतरताना आईंनी माझा हात धरला आणि विचारलं, "खरं सांग. मी बिघडलेय का गं?"

मी म्हटलं, "नाही हो आई." कसं म्हटलं ते मलाच ठाऊक.

१० एप्रिल

फोटो पुन्हा एकदा ताडून बघावेत म्हणून काढले. हे म्हणाले, "किती वेळा बघशील? दमतेस. राहू दे आता." फोटो तंतोतंत जुळत होते. टेबलाचा पायसुद्धा त्याच फरशीवर!

ठेवून दिले.

१७ एप्रिल

आई पडल्या. दुपारी. मी कामावर होते, ह्यांचा फोन आला. कपाळावर टेंगूळ, उजवं मनगट मोडलं.

मला त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या — "खाटेवरून उठायचं, भिंतीला हात, मग कपाट. कपाट संपलं की दार. तेवढं मला झोपेतही येतं. कपाट संपलं, मी वळले, आणि दार नव्हतंच. भिंत होती."

म्हटलं, "आई, दार आहे तिथंच आहे हो."

"मग मी कुठं आहे?"

मी बाहेर येऊन भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

१८ एप्रिल

हे जेवले नाहीत.

२५ एप्रिल

घरात बैठक. म्हणजे आम्ही दोघं आणि स्पीकरवर नणंद. हे वृद्धांच्या एका संस्थेचं बोलले. स्वच्छ आहे, नर्स असते, खोलीला कठडे लावलेले. मला आश्चर्य वाटलं, कारण ह्यांनी चौकशी आधीच करून ठेवली होती.

नणंद चिडली. "आमच्याकडे तर आई ठणठणीत होती! तुमच्याकडे आल्यावरच कसं होतं हे?"

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "ताई, पाहुणी म्हणून थोडे दिवस ठेवणं सोपं असतं." बोलायला नको होतं. पण बोलले. त्यांच्या नातवंडांच्या परीक्षा, घर लहान, जिना उभा... शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि कुणीच ठरवलं नाही.

४ मे

सोडून आलो.

सामान त्यांनी स्वतः बांधलं, एका हाताने. मला कपाटातलं काही काढू दिलं नाही. निघताना रडतील असं वाटलं होतं. नाही रडल्या. म्हणाल्या, "तिथली खोली परकी आहे हे मला आधीपासून ठाऊक असेल. इथं आपलं म्हणून पाऊल टाकायचं आणि आपटायचं, ते नको आता."

ह्यांनी गाडीचं दार लावलं. आरशात बघत नव्हते.

६ मे

खोटं कशाला लिहू? कुणी वाचणार नाहीये. काल कितीतरी महिन्यांनी सलग झोप लागली. सकाळी चहा निवांत प्यायला. बरं वाटलं! बरं वाटल्याचं वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं. ह्यांनाही वाटलं असावं. आरामखुर्चीत पेपर वाचत वाचत डुलकी काढली आणि मी उठवलं नाही.

२० मे

सिनेमाची जाहिरात लागली. 'हे घर खरं आहे. हे चित्रण खरं आहे.' गल्लीत पोरं येऊन घराचे फोटो काढतात. एकीने मला विचारलं, "काकू, तुम्ही इथं राहता? भीती नाही वाटत?" म्हटलं, "वाटते. लाइटच्या बिलाची." तिला ते आवडलं नाही.

३१ मे

आईंना भेटून आले. त्या आता भिंतीला हात न लावता जेवणघरापर्यंत जातात. नर्स म्हणाली, "तुमच्या आजी हुशार आहेत हो, आठवड्यात सगळं पाठ!" मी पिशवीतून फळं काढत राहिले. नर्स काय बोलली ते तेव्हा डोक्यात शिरलंच नाही. आता लिहिताना शिरतंय, पण नीट नाही. फार दमलेय.

आईंना सिनेमाचं कळलंय. म्हणाल्या, "मला बघायचाय. मोठा पडदा असतो, कडेकडेने दिसेल." म्हटलं, भीतीचा आहे. "भीतीचा नको असता तर तुमच्या घरात राहिले असते का?" टोमणा होता की थट्टा, कळलं नाही.

१३ जून, शनिवार

क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

दुपारचा खेळ, फक्त युनिटच्या माणसांसाठी. ह्यांना म्हटलं चला. म्हणाले, "असले सिनेमे मला झेपत नाहीत. मी ताईकडे जाऊन येतो दोन दिवस." मी आईंना संस्थेतून घेतलं आणि गेले. कडेच्या खुर्च्या घेतल्या. आई मान जराशी वळवून बसल्या, म्हणजे पडदा त्यांच्या कडेला येईल.

दिवे गेले. पहिलंच दृश्य. दिवसाउजेडी घर. बाई खोली झाडतेय. आईंनी माझा हात गच्च धरला.

"हे बघ! अगं हे बघ, माझं घर!"

पुढच्या रांगेतल्या कुणीतरी 'शू' केलं. आईंचं कुठलं लक्ष! आवाज रडवेला, आनंदाचा. "मी म्हणत होते ना? आहे की! ती बघ माझी खोली. खाट, भिंत, मग कपाट. कपाट संपलं की दार!"

मी पडद्याकडे बघितलं. बाईकडे नाही, कडेला. खाट. खाटेनंतर भिंतीचा तुकडा, आणि त्यावर काळपट डाग. हाताचा. त्यानंतर कपाट. त्याला लागून दार.

डाग! आमच्या घरात नसलेला तो डाग पडद्यावर होता.

हे 'सरळ घर'. मी तापाने पडले होते तेव्हा चित्रित केलेलं. मी कधी बघितलंच नव्हतं.

गोष्ट पुढे गेली. मग एका दृश्यात लोकांची चुळबुळ थांबली. कशाने ते कुणालाच सांगता आलं नसतं. आई मात्र शांतपणे म्हणाल्या, "इथं बदललं. कपाट खाटेकडे आणलं. आता हे ते दुसरं. मला तिकडून आणून तुम्ही इथं ठेवलं होतं."

सगळं थिएटर घाबरलेलं होतं. एकट्या आई घाबरल्या नव्हत्या. त्यांना नवीन काहीच नव्हतं त्यात. त्या तशाच घरात दीड महिना राहिल्या होत्या!

पडद्यावरचा नवरा त्या बाईला म्हणत होता, सगळं जिथल्या तिथं आहे. आई पुटपुटल्या, "मेल्या, बघ तरी एकदा."

सिनेमा संपला. टाळ्या. मी कलाविभागाच्या दाढीवाल्याला गाठलं. विचारलं, पहिल्या दिवशी सकाळी मी फोटो काढले तेव्हा घर कसं होतं?

"सरकलेलं," तो म्हणाला. "बाईचं काम करणाऱ्या नटीच्या तारखांमुळे मधले सीन आधी होते ना. आम्ही आदल्या संध्याकाळीच लावून टाकलं. तुम्ही गावाला होता. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

मधले सीन आधी हे मलाही ठाऊक होतं, पण घर माझ्या फोटोंनंतर सरकवलं असंच मी धरून चालले होते. तोच पुढे म्हणाला, "ते कपाट काय जड हो! तुमच्या मिस्टरांनी हात लावला म्हणून सरकलं."

दिग्दर्शक आला, आईंच्या पाया पडला. "आजी, आवडला सिनेमा?"

आई त्याच्या कानाला म्हणाल्या, "सुरुवात आवडली. तेवढंच परत लावता येईल का?"

१४ जून

सकाळपासून एकच काम. कपाट रिकामं केलं. त्यात आता होतंच काय, दोन शाली आणि औषधांच्या जुन्या बाटल्या. चारी पायांखाली फडकी सारली. सेटवर तसंच सरकवतात. ढकललं. इंचाइंचाने. पाठीत कळ आली, बसले, पुन्हा ढकललं.

मागून डाग निघाला. पुसटसुद्धा झाला नव्हता. बोटांची जागा वेगळी ओळखू येते इतका.

आणि दाराशेजारची भिंत लख्ख होती, ती कुणी धुतली नव्हती. जन्मभर तिथं कपाट होतं म्हणून लख्ख. हे मला कळायला नको? दुसऱ्यांच्या सिनेमात पेल्यातलं पाणी बोटभर कमी झालं तर दिसतं मला. आणि माझ्या घरात डाग नाहीसा होतो, तर मी म्हणते फुकटात काम झालं!

त्या सांगत होत्या. रोज सांगत होत्या. आमच्या सिनेमातल्या बाईवर विश्वास नाही ठेवला तर बघणारे चिडतात, खुर्चीतून ओरडतात. मी ती बाई घरात ठेवून घेतली आणि तिला डॉक्टरकडे नेलं.

त्या डागावर हात ठेवून रडले. मग टेबल, तिवई, घड्याळ. दाढीवाल्याने पाहणीचे फोटो पाठवले होते, त्यावरून. म्हणजे माझं खरं घर मी आता सिनेमावाल्यांकडून मागून आणलं.

संस्थेत फोन केला. म्हटलं, "आई, चूक माझी होती. सगळं जागच्या जागी लावलंय. घरी चला."

पलीकडून म्हणाल्या, "म्हणजे मी बिघडले नव्हते."

"नाही आई."

"बरं झालं सांगितलंस." घरी येते असं म्हणाल्या नाहीत. नाही असंही म्हणाल्या नाहीत.

राहून राहून ह्यांचं मनात येतंय. कपाटाला ह्यांनी हात लावला होता. विसरले असतील. घरातलं काय कुठं असतं हे ह्यांना कधी ठाऊक असतं? चष्मासुद्धा मीच शोधून देते. पण ह्यांचा जन्म गेलाय ह्या घरात. आणि त्या दिवशी 'इथं?' असं विचारलं होतं. डॉक्टरकडे माझ्याआधी बोलले होते.

उद्या येतील. विचारेन. विसरले असणार.

१५ जून

हे आले. पिशवी हातात तशीच, आईंच्या खोलीच्या दारात थबकले. डाग बघितला. कपाट बघितलं.

विचारलं, "तुम्हाला कधी कळलं होतं?"

"मार्चमध्येच. तू फोटो दाखवलास तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

माझ्याकडे बघत राहिले. खरोखर गोंधळले होते. नाटक नव्हतं ते, नाटक मला ओळखू येतं.

म्हणाले, "तुझ्या हातून असली चूक होते कधी? मला वाटलं, तू मुद्दामच तसं ठेवलंयस. म्हणून गप्प राहिलो."